जुन्या मोटारसायकलीच्या एंजिनाचे रोग व त्यांची परीक्षा

खानदेशातील शेतकऱ्याच्या दारी बैलजोडी असो वा नसो, एक जुनी मोटारसायकल बहुधा असतेच. तिचा रंग उडालेला असतो, बैठकीचे रेक्झिन फाटलेले असते, मागे दुधाच्या कॅनांकरिता लोखंडी कड्या जोडलेल्या असतात. तरी सकाळी मळ्यात, दुपारी बाजार समितीत व सायंकाळी सोयऱ्यांच्या गावी जाण्याचे काम तीच करीत असते. असे हे घरचे वाहन बंद पडले म्हणजे घरधन्याची जी तारांबळ उडते ती सांगावयास नको. बैल आजारी पडला तर आपण प्रथम तो रवंथ करतो की नाही हे पाहतो, शेण पाहतो, कान हाताने चाचपतो, आणि मगच औषधाचा विचार करतो. मोटारसायकलीच्या बाबतीत हे शहाणपण कोठे जाते कोण जाणे! ती बंद पडली की तिला ढकलत मिस्तरीच्या दारी न्यावयाचे, आणि "एंजिन खोलून टाका" असे आपणच सांगावयाचे, अशी रीत पडून गेली आहे. ह्या घाईने किती पैसा फुकट जातो हे आम्ही स्वानुभवाने जाणतो, म्हणून प्रस्तुत विषयावर लिहिण्याचे योजिले आहे. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले. यंत्रशास्त्राचे शिक्षण आम्हांस नाही. परंतु नोकरीची बहुतेक वर्षे जुन्या गाडीवर दप्तर बांधून गावोगाव हिंडण्यात गेली, आणि त्या गाडीने जे शिकविले तेवढेच येथे मांडावयाचे आहे.

डांबरी सडक आणि शेतरस्ता ह्या दोन्हींवर चालावी अशा हेतूने बनविलेल्या मोटारसायकलींची परदेशात एक स्वतंत्र जातच आहे. तिला तिकडे 'ड्युअल स्पोर्ट' म्हणतात. यामाहा कंपनीने १९६८ साली डीटी-१ नावाची २५० सीसीची गाडी बाजारात आणली, तेव्हापासून ह्या जातीस विशेष मागणी आली. आपल्याकडे अशी खास गाडी फार उशिरा आली. हीरो कंपनीची इम्पल्स २०११ साली निघाली व काही वर्षांनी बंद झाली. रॉयल एन्फील्डची हिमालयन २०१६ साली आली. पण म्हणून आपला शेतकरी तोपर्यंत थांबून राहिला होता असे नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे नाले, तापीकाठची वाळू, पावसाळ्यातील काळ्या मातीचा चिखल आणि आग्रा रोडचे डांबर, ह्या साऱ्यांवर त्याने जी गाडी चालविली ती म्हणजे राजदूत. ही मूळची पोलंड देशातील एसएचएल एम-११ ह्या नमुन्याची. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने ती आपल्या देशात बनविली. १७३ सीसीचे एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक पद्धतीचे एंजिन, तीन गिअर आणि पेट्रोलमध्येच तेल मिसळून घालावयाचे. वेग बेताचा, पण अंगकाठी दणकट. दूधवाल्यांनी तर तिला म्हशीच्या खालोखाल मान दिला! १९५५ पासून मद्रासेस तयार होऊ लागलेली बुलेट, १९९६ साली बंद झालेल्या म्हैसूरच्या कारखान्याची येझदी, १९८५ ते १९९६ ह्या काळातील आरएक्स-१००, ह्याही गाड्या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अजून दिसतात. धुराविषयीचे नियम कडक होत गेले तशा टू-स्ट्रोक गाड्यांची निपज थांबली, आणि राजदूतही चालू शतकाच्या पहिल्या दशकात बंद झाली. तेव्हा आता ज्याच्याजवळ जी आहे ती नीट राखणे एवढेच हाती उरले आहे.

प्रथम आमच्या फजितीची हकीकत सांगतो, कारण पुढील सारे विवेचन तीतूनच निघाले आहे.

१९९४ साली आम्ही धुळ्यास असता तिसऱ्या हातची एक राजदूत घेतली. पहिले वर्ष बरे गेले. पुढे ती हळूहळू कमी ओढू लागली. लळिंगचा घाट पूर्वी दुसऱ्या गिअरवर चढत असे, तो पहिल्यावर चढू लागली, आणि मागे माणूस असल्यास त्यास उतरून चालावे लागे. एका मिस्तरीस दाखविली. त्याने किक मारून पाहिली, कान लावला आणि "बोअर गेला" असे निदान केले. आम्ही मान डोलावली. सिलिंडर घासून मोठे केले, नवा पिस्टन बसविला. दोन-तीन महिने गाडी छान चालली, आणि पुन्हा तीच गत. दुसऱ्या वेळी त्याच मिस्तरीने पिस्टन हलका निघाला असे सांगून पुन्हा बोअर केला, आणि "तेल जरा जास्त घालत जा, साहेब" असा सल्लाही दिला. तोही आम्ही पाळला.

१९९६ च्या मार्च महिन्यात साक्री तालुक्याच्या एका गावी अवकाळी पावसाने गहू व कांदा झोपला होता. तेथील पंचनाम्याचे कागद त्याच दिवशी आणून यादी सायंकाळच्या आत जोडावयाची, असा हुकूम आम्हांस झाला. कागद घेऊन परत येताना नेर आणि कुसुंब्याच्या दरम्यान भर दुपारी गाडीचा आवाज एकदम कोरडा झाला, वेग पडला आणि मागील चाक जागच्या जागी धरून राहिले. पिस्टन सिलिंडरात जाम झाला होता. पडलो नाही हे नशीब. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाडी टाकून धुळ्यास पोहोचेपर्यंत दिवे लागले होते व कचेरी बंद झाली होती. आमची यादी दुसऱ्या दिवशी गेली. पहिल्या हप्त्यात त्या गावचे नाव राहून गेले, व मदत पोहोचावयास पुढील पेरण्यांचे दिवस आले. त्या गावचा एक वृद्ध शेतकरी एकदा कचेरीत आला असता त्याने आम्हांस एवढेच विचारले, "भाऊसाहेब, आमचंच गाव कसं राहिलं?" आम्ही त्यास गाडीची गोष्ट सांगितली नाही.

त्यानंतर एका स्नेह्याच्या सांगण्यावरून आम्ही ती गाडी पारोळ्यास एका वयस्क मिस्तरीकडे नेली. ह्या गृहस्थाने पाना हाती घेतला नाही. ओट्यावर बसवून चहा दिला आणि प्रश्न विचारावयास आरंभ केला. ताकद एकदम गेली की हळूहळू? सकाळी थंड असता किती किकांत सुरू होते? मूठ सोडली तर आवाज लगेच उतरतो की थोडा वेळ तसाच राहतो? घाटात जाम झाली की सपाटीवर? आम्ही म्हटले, "मिस्तरी, हे तुम्हीच पाहून सांगावयाचे." त्यावर तो म्हणाला, "गाडी बंद पडते तेव्हा तिच्याजवळ तुम्ही असता, मी नसतो. तुम्ही नाही सांगितलं तर मला कोण सांगणार?" हे वाक्य आम्ही पुढे अनेकांस ऐकविले आहे.

मग त्याने सायलेन्सर उतरविला. आतील जाळी काजळीने इतकी भरली होती की कडुनिंबाची काडीही आत शिरेना. नंतर मॅग्नेटची बाजू उघडून क्रँकचे ऑईल सील दाखविले. रबर वाळून त्यास भेगा पडल्या होत्या. दोन्ही गोष्टींचा उलगडा झाला. धूर बाहेर जावयास वाट नाही म्हणून ताकद नाही; आणि सीलमधून फुकटची हवा आत येते म्हणून पेट्रोलचे मिश्रण पातळ होऊन एंजिन तापते व शेवटी जाम होते. पहिल्या मिस्तरीने बोअर करताना सिलिंडराचे धुराचे तोंड सहज खरवडले होते, म्हणून दोन-तीन महिने गाडी बरी चालली आणि आम्हांस बोअरच लागू पडला असे वाटले! वर जास्त तेल घालून आम्हीच काजळी वाढविली होती. सिलिंडरास सामान्यतः पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्याने तीन-चार वेळाच घासता येते. त्यांतील दोन माप आम्ही विनाकारण खर्चून बसलो होतो. खरा दुरुस्तीचा खर्च एका सीलचा, एका पॅकिंगचा आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा होता.

आता परीक्षेचा क्रम सांगू. एंजिन चालावयास तीन गोष्टी लागतात. वेळेवर ठिणगी, बेताचे पेट्रोल व हवा, आणि ते मिश्रण दाबून धरण्याची सिलिंडराची शक्ती. टू-स्ट्रोक गाडीस चौथी एक गोष्ट लागते, ती म्हणजे धुरास मोकळी वाट. ज्यांनी विजेपूर्वी विहिरीवर ऑईल एंजिन चालविले आहे त्यांस हे नवीन नाही. परीक्षा नेहमी स्वस्त व बाहेरच्या भागापासून सुरू करावी आणि सिलिंडर सर्वांत शेवटी उघडावे.

बंद पडण्याच्या तऱ्हेवरूनच निम्मे निदान होते. दिवा फुंकल्यासारखे एंजिन एकदम थांबले तर दोष बहुधा करंटचा. धापा टाकीत, गचके देत थांबले तर पेट्रोलचा. महिनोन्‌महिने ताकद उतरत गेली तर दाबाचा किंवा सायलेन्सरचा. थंड असता ठीक, पाच-सात मैल गेल्यावर बंद, आणि अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा सुरू, अशी तक्रार असेल तर प्रथम टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकणास हवेकरिता बारीक भोक असते. ते चिखलाने बुजले की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण उघडताच 'सुस्स' असा आवाज होऊन गाडी सुरू झाली तर समजावे की एका टाचणीचे काम आहे. एवढ्याशा कारणाकरिता कार्ब्युरेटर बदललेले गृहस्थ आम्ही चोपड्यास पाहिले आहेत. झाकण ठीक असून दोष कायम असेल तर गाडी तापून बंद पडल्याबरोबर, ती थंड होण्यापूर्वी, ठिणगी पाहावी. त्या वेळी ठिणगी नसेल तर कंडेन्सर किंवा कॉइल तापल्यावर दगा देते असे ठरते.

ठिणगी पाहण्याची रीत सोपी आहे. प्लग काढून त्याच्या टोपीत बसवावा, त्याचे लोखंडी अंग सिलिंडरच्या हेडास नीट टेकवावे व किक मारावी. मात्र प्लगच्या उघड्या भोकापासून त्यास दूर धरावे आणि सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्यावे. ठिणगी निळी व ठळक असली पाहिजे. पिवळसर व बारीक असेल तर ती हवेत दिसते, पण सिलिंडरातील दाबात विझते. प्रथम नवा प्लग लावून पाहावा. प्लगच्या टोकांतील फट अर्धा ते सहा-दशांश मिलिमीटर ठेवावी. लोखंड कापण्याच्या करवतीचे पाते साधारण तेवढ्याच जाडीचे असते, ते घरोघर मिळते. त्याने भागले नाही तर पॉइंट पाहावे. त्यावर तेलाचा हात लागला असेल किंवा खड्डा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून, नंतर कोरा कागद फिरवून स्वच्छ करावे. पूर्ण उघडले असता त्यांतील फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास असावी. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच मोठी निळी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेला. फ्लायव्हील काढण्याची वेळ आली तर त्याचा खास ओढपाना मिस्तरीकडून आणावा. हातोड्याने ठोकून काढू नये, क्रँक वाकतो.

प्लगचा रंग म्हणजे एंजिनाची जीभ. दहा-बारा मैल चांगली दौडवून, वेगात असतानाच क्लच दाबून एंजिन बंद करावे, आणि मग प्लग काढून पाहावा. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तांबूस तपकिरी रंग असेल तर प्रकृती उत्तम. काळा व ओला असेल तर पेट्रोल अथवा तेल अधिक होते किंवा ठिणगी दुबळी आहे. काळा पण कोरडा, काजळासारखा असेल तर हवेचा फिल्टर तुंबला आहे. पांढरा व फोड आल्यासारखा असेल तर मात्र त्या दिवशी गाडी चालवू नये. मिश्रण पातळ आहे आणि पिस्टन जाम होण्याच्या वाटेवर आहे. आमच्या गाडीचा प्लग असाच पांढरा झाला होता, पण तो पाहण्याचे कोणास सुचले नाही.

पेट्रोलची परीक्षा वरून खाली करावी. नळी काढून कॉकमधून धार बाटलीत सोडावी. धार अखंड पडली तर टाकी व कॉक निर्दोष. मग कार्ब्युरेटरची वाटी उघडून तळाचा गाळ काढावा. जेटच्या भोकात लोखंडी तार कधीही घालू नये. भोक मोठे होते व त्याचे माप कायमचे बिघडते. पंपाने हवा मारावी. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर त्यास भोक पडले असून तो बुडतो, आणि पेट्रोल वाहून जाते.

हवेच्या फिल्टरविषयी आपल्या भागात विशेष लिहिणे प्राप्त आहे. उन्हाळ्यात नांगरलेल्या काळ्या जमिनीवरून येणारी धूळ पिठापेक्षा बारीक असते. ती फिल्टरात मावली नाही की सिलिंडरातील तेलात मिसळते, आणि पिस्टन व सिलिंडर ह्यांच्यामध्ये तिची उटी तयार होते. जात्यात जसे धान्य तसे मग लोखंड दळले जाते. फिल्टर फाटला म्हणून काढून टाकून महिनोन्‌महिने तसेच चालविणारे शेतकरी पुष्कळ आहेत; "गाडी हलकी पळते" असे ते म्हणतात. पळते खरी, पण मिश्रण पातळ होऊन व धूळ जाऊन एका हंगामात बोअर संपतो. जाळीचा फिल्टर असेल तर उन्हाळ्यात दर पंधरवड्यास रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, वाळवून, एंजिन ऑईलमध्ये बुडवून, निथळून बसवावा.

आता दाबाची परीक्षा. किक हाताने हळू दाबावी. चांगल्या एंजिनात ती एका जागी अडते व काही क्षण तशीच राहते. झिजलेल्या एंजिनात ती विरोध न करता खाली जाते. दाब कमी वाटला तरी लगेच बोअरचे नाव काढू नये. प्लगच्या भोकातून चमचाभर एंजिन ऑईल सोडावे, दोन-चार वेळा किक फिरवून ते पसरू द्यावे व पुन्हा दाब पाहावा. दाब वाढला तर रिंगा व बोअर झिजले आहेत. मुळीच वाढला नाही तर हेडाच्या पॅकिंगमधून गळती आहे, आणि बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीत व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. बुलेटवाल्यांनी व्हॉल्व्ह घासण्यापूर्वी टॅपेट पाहावेत. थंड एंजिनात सळई बोटांनी मोकळी फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. ह्या चमचाभर तेलाच्या परीक्षेने आमचे दोन बोअर वाचले असते.

दाब चांगला, ठिणगी चांगली, पेट्रोल चांगले, आणि तरी टू-स्ट्रोक गाडी ओढत नाही, असे झाले तर सायलेन्सर उतरवावा. एंजिन चालू असता सायलेन्सरमागे हात धरला म्हणजे जोराचे ठोके लागले पाहिजेत. फुंकर मारल्यासारखे लागले तर वाट बुजली. आतील जाळी निघत असेल तर गोवऱ्यांच्या विस्तवात लाल करून झटकावी, काजळी पापुद्र्यांनी सुटते. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानेही लोखंडी सायलेन्सर साफ होतो, पण ते पाणी ॲल्युमिनियमच्या भागास लागले तर तो भाग खाऊन टाकते, आणि डोळ्यांत उडाले तर त्याहून वाईट. सिलिंडराचे धुराचे तोंड खरवडताना पिस्टन वर आणून त्याच्या अंगाने ते तोंड झाकून घ्यावे, बोथट लाकडी पट्टीने काजळी काढावी व फुंकून बाहेर टाकावी.

सीलची गळती ओळखण्याची खूण पारोळ्याच्या मिस्तरीने आम्हांस विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नात होती. मूठ पूर्ण सोडल्यावरही एंजिन काही वेळ जोराने फिरतच राहत असेल तर कोठून तरी फुकटची हवा आत जात आहे. प्रथम कार्ब्युरेटरच्या मानेच्या सांध्यावर कोंबडीच्या पिसाने जाड तेल लावून पाहावे. आवाज बदलला तर गळती तेथेच, दोन बोल्टांचे काम. नाही बदलला तर मॅग्नेटच्या बाजूचे सील. क्लचच्या बाजूचे सील गेले तर लक्षण उलटे असते. गिअरचे तेल एंजिनात ओढले जाऊन सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघतो व गिअर ऑईल कमी होत जाते. असा धूर दिसला की "रिंगा गेल्या" असे सांगण्याची चाल आहे. आधी गिअर ऑईलची पातळी पाहावी.

पेट्रोलमधील तेलाविषयी दोन शब्द. जुन्या राजदूतीस लिटरभर पेट्रोलास ४० ते ५० मिलिलिटर टू-टी तेल पुरते. ते मापानेच घालावे, अंदाजाने नव्हे, आणि टाकीत वेगवेगळे न ओतता बाहेर मिसळून ओतावे. तेल अधिक घातल्याने एंजिनाचे रक्षण अधिक होते ही समजूत चुकीची आहे. जितके तेल वाढेल तितकी पेट्रोलची जागा कमी होते, जेटमधून जाणारे पेट्रोल घटते, आणि काजळी मात्र वाढते.

अलीकडे आणखी एक नवी गोष्ट ध्यानात घेणे प्राप्त झाले आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. हे इथेनॉल उसापासून, मक्यापासून व तांदळापासून होते, तेव्हा आपला मका आपल्याच टाकीत परत येतो ह्याचा आनंद शेतकऱ्यास असावयास हरकत नाही. परंतु आपल्या जुन्या गाड्या ह्या इंधनाकरिता बनविलेल्या नाहीत. एक किलो पेट्रोल जळावयास साडेचौदा किलोहून थोडी अधिक हवा लागते. तेवढ्याच इथेनॉलास नऊ किलो पुरते. जुन्या कार्ब्युरेटरास हे कळत नाही. तो पूर्वीच्याच मापाने हवा देतो, आणि मिश्रण पातळ पडते. नव्या गाड्यांत हे माप आपोआप बदलते, जुनीत आपण बदलावे लागते. प्लग पांढरा पडू लागला तर मेन जेट एक नंबर मोठा घालावा, किंवा सुईची चिप एक खाच खाली सरकवून सुई उचलावी. ४५ अंशांच्या उन्हात भुसावळ-यावलकडे ओझे घेऊन फिरणाऱ्याने तर हे अवश्य पाहावे. जुन्या रबरी नळ्या ह्या इंधनाने फुगतात व ठिसूळ होतात, त्या बदलून टाकाव्यात.

इथेनॉलचा दुसरा गुण असा की ते पाणी ओढून घेते. पावसाळाभर गाडी उघड्या गोठ्यात अर्ध्या टाकीवर उभी राहिली तर ओढलेले पाणी मर्यादेपलीकडे जाऊन इथेनॉलसह तळाशी बसते, आणि दसऱ्यास गाडी सुरू करावयास जावे तर कार्ब्युरेटरात पेट्रोलऐवजी हा पाणचट थर येतो. टू-स्ट्रोक गाडीस ह्यात आणखी धोका असा की तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, व तळच्या थराबरोबर पिस्टनास तेलाचा अंश पोहोचत नाही. म्हणून दीर्घ मुदतीकरिता गाडी ठेवताना टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावे. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे घरी पाहता येते. काचेच्या मापनळीत १०० मिलिलिटर पेट्रोल व १० मिलिलिटर पाणी घालून, बूच लावून हलवावे व दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळचा थर दहाचा तीसच्या जवळ गेला तर २० टक्के इथेनॉल आहे. हा प्रयोग चुलीपासून व विडीपासून दूर करावा, आणि ते पेट्रोल पुन्हा टाकीत घालू नये.

वाटेत एंजिन धरू लागले तर काय करावे हेही सांगून ठेवतो. आवाज कोरडा होऊन वेग आपोआप पडू लागताच क्षणाचा विलंब न लावता क्लच दाबावा व गाडी कडेस घ्यावी. तापल्या सिलिंडरावर पाणी ओतू नये, तडा जातो. अर्धा-पाऊण तास सावलीत थंड होऊ द्यावी, मग प्लग काढून थोडे तेल सोडून किक हाताने फिरवावी. सहज फिरली तर हळूहळू जवळच्या गावापर्यंत जावे, पण कारण शोधल्यावाचून दुसऱ्या दिवशी कामास जुंपू नये. आम्हांस हे १९९६ साली ठाऊक असते तर क्लच वेळेवर दाबला असता, आणि त्या गावची यादी कदाचित त्याच सायंकाळी जोडली गेली असती.

सगळ्याच गाड्या राखण्याजोग्या असतात असे आमचे म्हणणे नाही. सिलिंडर शेवटच्या मापापर्यंत घासून झाले, क्रँकच्या दांड्याचा ठणठण आवाज येऊ लागला, आणि सुटे भाग मिळतात ते नकलीच, अशी स्थिती आली तर ती गाडी सोडून द्यावी. नकली सील दोन महिन्यांत जाते. त्यापेक्षा मोडीत निघालेल्या गाडीतील मूळचा भाग तपासून घेतलेला बरा. मात्र सोडण्याचा निर्णय वरील परीक्षेनंतर करावा, आधी नव्हे. खासगी मोटारसायकलीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे दर ५ वर्षांनी गाडी तपासून नूतनीकरण होते. त्या मुदतीच्या आधी एक-दोन महिने ही सारी पाहणी करून घेतली म्हणजे नूतनीकरणाचा खर्च करावा की नाही हे आपणांस घरीच कळते. आमची राजदूत अद्याप आहे, तिसऱ्या मापावर आहे, आणि लळिंगचा घाट दुसऱ्या गिअरवर चढते.